मत्स्यबीजाची शुद्धता

शेततळ्यांत मासे पाळणाऱ्या बंधूंस बीजाच्या शुद्धतेविषयीं दोन शब्द सांगणें आम्हांस अगत्याचें वाटतें. सन १९५७ मध्यें ओडिशांत डॉ. हिरालाल चौधरी यांनीं पीयूषग्रंथीच्या अर्काची टोंचणी देऊन रोहू-मृगळादि मासे विणविले. तेव्हांपासून बीजासाठीं नदीवरच विसंबण्याचें कारण उरलें नाहीं. परंतु सोय वाढली तशी सरमिसळही वाढली.

दूरच्या जातींचा संकर केल्यास अंड्यांतील प्रथम विभागणी मातेनें सांठविलेल्या पुंजीवर चालते. पुढें पित्याचीं गुणसूत्रें कार्यास लागण्याची वेळ येतांच न जुळणारा गर्भ बिघडून मरतो. हानि होते ती त्या एका घाण्याची. रोहू व कटला यांचें तसें नाहीं. दोहोंचीं गुणसूत्रें ५०-५०. त्यांचा संकर जगतो, वाढतो व पुढें प्रजाही देतो. खाण्यास तो वाईट नव्हे. पण वीणीस ठेविल्यास दोन्ही मूळ वाण बिघडवितो. जिरे वा बोटुकली पाहून तो ओळखणेंही कठीण.

म्हणून आमचें स्पष्ट मत असें कीं, बीजोत्पादकांनीं एका हौदांत एकच जात विणवावी, व घेणाऱ्यानें पावतीवर जातीचें नांव लिहून घ्यावें. ज्वारीचें बियाणें पारखून घेणाऱ्यानें मत्स्यबीजच डोळे मिटून कां घ्यावें?