सौरवीज, तज्ज्ञ मंडळी व आपले कर्तव्य

अलीकडे आपल्या खेड्यांतून एका नव्या पेशाची माणसे येऊ लागली आहेत. कोणी हवामानाचा अभ्यासक, कोणी सौरविजेचा जाणकार, तर कोणी सामाजिक न्यायाच्या कार्याला वाहून घेतलेला. त्यांच्याविषयी शेतकरी समाजात दोन मते आढळतात. काहींस ही मंडळी दारी चालून आलेले भाग्य वाटते. काहींस ती जमीन लाटणाऱ्यांनी पुढे धाडलेली माणसे वाटतात. आमच्या मते ही दोन्ही मते घाईची होत. तज्ज्ञाची पारख त्याच्या भाषणावरून न करता, तो शिवारात येऊन कोणाकोणाची विचारपूस करतो यावरून करावी, हे सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहोत.

प्रथम चांगल्या कामाचा दाखला घेऊ. गुजरातेत खेडा जिल्ह्याच्या ठासरा तालुक्यात ढुंडी नावाचे गाव आहे. तेथील शेतकरी डिझेलच्या पंपांवर पाणी काढीत. आंतरराष्ट्रीय जलव्यवस्थापन संस्थेचे डॉ. तुषार शहा व त्यांचे सहकारी यांनी तेथे एक अडचण आधीच ओळखली. सौरपंपाला ना डिझेल लागते ना वीजबिल येते. मग दिवसभर पाणी उपसण्यास आडकाठी कशाची? विहिरी मात्र कोरड्या पडावयाच्या. म्हणून त्यांनी सहा शेतकऱ्यांची सहकारी मंडळी उभी केली आणि पंप चालवून उरलेली वीज विकण्याची सोय केली. २०१६ साली वीज कंपनीने युनिटला ४ रुपये ६३ पैसे या दराने २५ वर्षांचा करार केला. वर संस्थेने स्वच्छ विजेबद्दल सव्वा रुपया व पाणी राखल्याबद्दल सव्वा रुपया दिला. शेतकऱ्यांनीही आपल्या परीने त्याग केला. साध्या वीजजोडणीवरील आपला हक्क त्यांनी त्या मुदतीपुरता सोडला. वाया जाणारे पाणी म्हणजे हातची गेलेली वीजविक्री, हा हिशेब ज्याच्या त्याच्या ध्यानी आला. वरचा अडीच रुपया संस्थेच्या पदरचा होता, तो सर्वत्र मिळेल असे नव्हे, हे खरे. तथापि २०१८ साली गुजरात सरकारने याच धर्तीवर सूर्यशक्ती किसान योजना काढली. तज्ज्ञाने आधी विहीर पाहिली, मग यंत्र बसविले, म्हणून हे घडले.

आता आपल्याकडे पाहू. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली निघाली व २०२३ साली तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. शेतीला दिवसा वीज मिळावी हा तिचा हेतू. रात्रीबेरात्री कंदील वा बॅटरी घेऊन, साप-विंचवाचे भय पत्करून ज्याने बारे दिले आहे, त्याला या हेतूचे मोल निराळे सांगणे नलगे. एका मेगावॉटला सुमारे ४ ते ५ एकर जमीन लागते. खाजगी जमिनीस हेक्टरी वर्षाला किमान १,२५,००० रुपये भाडे व वर्षाला ३ टक्के वाढ, असा दर ठरला आहे. कोरडवाहू माळरानाच्या धन्याला हा दर आकर्षक वाटावा यात नवल नाही.

परंतु आमची उमेद महसुली दप्तरात सातबाराचे उतारे चाळण्यात गेली आहे, आणि त्या अनुभवावरून एक गोष्ट आम्ही निक्षून सांगतो. शिवारात जे असते ते सारे उताऱ्यावर नसते. जमीन पिढ्यान्‌पिढ्या अर्धेलीने कसणाऱ्याचे नाव त्यावर बहुधा नसते. माहेरच्या जमिनीतील बहिणीचा हिस्सा पुष्कळदा नोंदीवाचून राहिलेला असतो. कागदावर ‘पड’ म्हणून लिहिलेल्या माळावर प्रत्यक्षात धनगराची मेंढरे व भूमिहीनाच्या दोन शेळ्या चरत असतात. गायरानाचीही तीच कथा. कुंपण पडले की धन्याच्या खात्यात भाडे जमा होते, आणि अर्धेलकऱ्याची भाकर, मजुराची निंदणी व मेंढराची वाट एका दिवसात बंद होते. याला कोणी चोरी म्हणणार नाही, कारण कागद बिनचूक असतो. धूर कमी झाला याची गणना तज्ज्ञ करतात व ती केलीच पाहिजे. पण कोणाची चूल विझली याचीही गणना त्याच वहीत झाली पाहिजे.

यास्तव तज्ज्ञ मंडळींस आमची विनंती अशी की, जागा ठरविण्यापूर्वी शिवार पायी फिरावे, गुराख्यास व मजूर बायांस विचारावे, आणि कराराचा मसुदा मराठीत ग्रामसभेपुढे मोठ्याने वाचून दाखवावा.

आमच्या शेतकरी बंधूंनीही सही करण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात. भाडेवाढ सरळ आहे की चक्रवाढ? सव्वा लाखाचे पंचविसाव्या वर्षी सरळ वाढीने २,१५,००० होतात, चक्रवाढीने सुमारे २,५४,०००. प्रकल्प दुसऱ्याने विकत घेतल्यास भाड्याची हमी कोणाची? मुदत संपल्यावर लोखंड व काँक्रीट कोण उपसून नेणार? आणि सर्व हिस्सेदारांची, बहिणींसुद्धा, संमती आहे काय?

याहून एक कठीण गोष्ट सांगावयाची राहिली. सगळा दोष तज्ज्ञांच्या माथी मारून आपणांस मोकळे होता येणार नाही, कारण भाडे आपण घेणार आहोत. ज्याने आपल्या बांधावर घाम गाळला त्याला भाड्यातून काही वर्षे ठरावीक वाटा द्यावा. पट्ट्या धुणे, गवत कापणे व राखण ही कामे प्रथम त्याच्याच घरी जावीत, अशी अट आपणच करारात घालावी. जेथे शक्य असेल तेथे जमीन भाड्याने देण्याऐवजी ढुंडीप्रमाणे आपल्याच विहिरीवर आपलीच मंडळी उभारता येईल काय, याचाही विचार गावाने करावा.

सूर्य कोणाच्या सातबारावर नाही. त्याच्या उन्हाचे मोल आता होऊ लागले आहे, तर त्यातील पसाभर वाटा उताऱ्यावर नाव नसलेल्यापर्यंत पोहोचविणे हे आपले कर्तव्य आहे. आपल्या सभासदांनी या विषयाचा विचार येत्या ग्रामसभेच्या आधी करावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.