मातेच्या श्रमाचा जमाखर्च

सोलापूर हें हिशेबी लोकांचें शहर आहे. येथील व्यापारी सुताच्या खरेदीपासून चादरीच्या विक्रीपर्यंत पैन् पैचा जमाखर्च ठेवतो. कारण जें वहींत चढलें नाहीं तें बुडालें, हें तो अनुभवानें जाणतो. असें असतां एक फार मोठी रक्कम आमच्यापैकीं कोणाच्याच वहींत चढत नाहीं. ती म्हणजे घरांतील मातेचे श्रम. केंद्र सरकारनें २०२४ सालीं केलेल्या वेळेच्या विनियोगाच्या पाहणींत असें दिसून आलें कीं, घरकाम करणाऱ्या स्त्रीचीं रोज सरासरी २८९ मिनिटें त्या विनावेतन कामांत जातात. तेंच काम करणाऱ्या पुरुषाचीं अवघीं ८८. मुलांचें संगोपन व आजाऱ्यांची शुश्रूषा यांचा वेळ याहून निराळा.

या प्रश्नाचें खरें स्वरूप ज्यास पाहावयाचें असेल त्यानें एखाद्या सकाळीं शहराच्या पूर्व भागांत फेरी मारावी. तेथें हजारों स्त्रिया कारखान्यांतून पान व तंबाखू घरीं आणतात, विड्या वळतात आणि मोजून परत देतात. मजुरी हजारी दरानें. म्हणजे मूल रडलें, दूध पाजावयास उठावें लागलें, कीं तितकी मजुरी बुडाली. कारखान्यांत पाळणाघर मागतां येतें. पण जिचें घर हाच कारखाना, तिनें पाळणाघर कोणापाशीं मागावें? तंबाखूची धूळ आणि तान्हें मूल एकाच खोलींत राहतात.

कायद्यानें या स्त्रीकडे अगदींच पाठ फिरविली होती असें नाहीं. १९२९ सालीं मुंबई इलाख्यांत गिरणी-कारखान्यांतील स्त्रियांकरितां बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला. त्याच्या आदल्या वर्षीं कायदेमंडळांत त्याचा पुरस्कार करतांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं, मातेला विश्रांति मिळणें हें राष्ट्राच्या हिताचें आहे, म्हणून त्याचा बराचसा भार सरकारनें उचलावा, आणि मालकालाही स्त्रीच्या श्रमाचा लाभ होत असल्यानें त्यानेंही आपला वांटा द्यावा, असें प्रतिपादन केलें होतें. पुढें १९६१ सालीं देशव्यापी कायदा झाला, आणि १९६६ च्या विडी कामगार कायद्यानें तो कांहीं फेरफारांसह घरीं बसून विडी वळणाऱ्या स्त्रीलाही लागू केला. २०१७ सालीं पहिल्या दोन अपत्यांसाठीं रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली.

परंतु हक्क कागदावर असणें निराळें व हातीं पडणें निराळें. या लाभासाठीं आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केल्याचें दाखवावें लागतें, आणि तें दाखवावयाचें नोंदीवरून. जेथें पान सासूच्या नांवानें येतें आणि विड्या सून वळते, तेथें सुनेचे दिवस सासूच्या नांवावर जमा होतात. बाळंतपण मात्र सुनेचें होतें. नोव्हेंबर २०२५ मध्यें नव्या कामगार संहिता अमलांत येऊन हे जुने कायदे त्यांत विलीन झाले. या स्थित्यंतरांत घरीं काम करणाऱ्या मातेचा १९६६ चा हक्क संदिग्ध राहतां कामा नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

कोणी म्हणतील, आईच्या मायेचें मोल करणें हेंच अनुचित. मायेचें मोल कोणीच मागत नाहीं. मूल झालें म्हणून आईची मजुरी बुडूं नये, एवढेंच मागणें आहे. शिवाय मोल करण्याची आम्हांस सवय आहेच. मोटार अपघातांत गृहिणी दगावली तर तिच्या घरकामाची किंमत धरून भरपाई द्यावी, असें सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०२१ च्या निकालांत पुन्हां सांगितलें. ज्या श्रमाची किंमत मृत्यूनंतर ठरते ती जिवंतपणीं शून्य कशी?

मालकांचा आक्षेप याहून विचारार्ह आहे. सर्व भार मालकावर पडला तर तो स्त्रियांस कामावरच घेणार नाहीं, हें भय खोटें नाहीं. त्यावर उपाय हक्क कमी करणें हा नसून भार वांटून घेणें हा आहे. १९१९ सालीं वॉशिंग्टन येथें भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेनें हा खर्च सार्वजनिक निधींतून किंवा विम्यांतून व्हावा असेंच ठरविलें होतें.

सरकारच्या देणग्यांविषयीं आमची तक्रार नाहीं. २०२४ सालीं सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेचे दरमहा १५०० रुपये स्त्रीच्या स्वतःच्या खात्यांत जातात, हें चांगलेंच आहे. पण ओवाळणी आणि वेतन यांत भेद आहे. ओवाळणी भावाच्या मर्जीवर, वेतन हक्कानें. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें, सरकारी नोकरी वगैरेंचा अपवाद सोडून, प्रत्येक गर्भवतीला किमान ६००० रुपयांचा हक्क दिला; २०१७ च्या योजनेनें तो पहिल्या अपत्यापुरता व ५००० रुपयांवर आणला, आणि २०२२ पासून दुसऱ्या वेळीं मुलगी झाली तरच तो मिळतो. मुलगा झाला तर मातेला विश्रांति नको काय?

संघटित मागणी निष्फळ जात नाहीं, हें या शहरानें पाहिलें आहे. २००६ सालीं कुंभारीस विडी कामगार स्त्रियांसाठीं गोदूताई परुळेकर यांच्या नांवानें १० हजार घरांची वसाहत उभी राहिली. आतां पुढलें पाऊल तीन गोष्टींचें आहे: जिनें काम केलें तिचेंच नांव नोंदवहींत, प्रसूतीच्या भत्त्यासाठीं मालक व सरकार यांचा सामायिक निधि, आणि वस्तीवस्तींत पाळणाघर. पहिली गोष्ट करण्यास कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाहीं. ती आमच्या कारखानदार वाचकांच्या हातीं आजच आहे. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलाच्या नांवापुढें आईचें नांव लिहिण्याचा नियम महाराष्ट्रानें केला. मुलाच्या कागदावर जें नांव मानानें आलें, तें मजुरीच्या वहींतही यावें.