संमेलनातील विदूषक

स्नेहसंमेलनांचा हंगाम आला की शाळाशाळांतून विनोदी नाटुकल्यांना ऊत येतो. फैजपुराकडील अशाच एका संमेलनास आम्ही गेलो होतो. प्रवेश नववीच्या वर्गाचा. नायक पुणेरी शुद्ध बोले; विदूषक मात्र 'मले', 'तुले' म्हणे, आणि त्याने तोंड उघडताच सारा मंडप खदखदून हसे. हसणारे कोण? घरी आईशी 'मले', 'तुले'च बोलणारी मुले आणि त्यांचे आईबाप!

या विनोदास आमचा सक्त विरोध आहे. आम्ही हास्याचे वैरी आहोत, असा ग्रह मात्र कोणी करून घेऊ नये. चौदा-पंधराचे वय हेच मुळी एक प्रहसन आहे. न फुटलेली मिसरूड कोरणारा, एस. टी.च्या काचेत भांग न्याहाळणारा, गुरुजींपुढे 'मला', दोस्तांत 'मले' आणि वर्गातील मुलीपुढे गोंधळून 'मलाले' म्हणणारा मुलगा काय थोडा विनोदी आहे? ते 'मलाले' ज्याच्या कानी कधी पडले नाही, त्याने शाळेवर विनोद लिहिण्याच्या भानगडीत पडू नये. द. मा. मिरासदारांचे गावकरी आपल्या बनेलपणाने हसवितात. त्यांचे बोलणे हा कोणाला त्यांचा गुन्हा वाटत नाही.

यावल-रावेरच्या ज्या लेवा बोलीचे मंडपात हसे झाले, तिच्यातच आसोद्याच्या बहिणाबाईंनी गाणी रचिली. ती १९५२ साली ग्रंथरूपाने निघाली आणि पुढे पाठ्यपुस्तकांत मानाने बसली. म्हणजे सकाळी जी बोली कविता म्हणून पाठ करावयाची, तीच सायंकाळी गावंढळपणाची खूण! डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन याच फैजपुरी झाले. राष्ट्रसभेस खेड्यात येण्याची लाज वाटली नाही. शाळेच्या रंगमंचास ती अजून वाटते.

कोणी म्हणतील, पोरांनी हौसेने केले, त्यात एवढे काय? हौस खरी, परंतु भूमिका वाटल्या कोणी? नाटुकले लिहिणारे शिक्षक स्वतः याच बोलीत वाढलेले. त्यांनी एकदा नायकाच्या तोंडी 'मले' घालून पाहावे आणि विदूषकास पुस्तकी बोलू द्यावे. तेव्हाही हशा येतोच. फक्त तो कोणाच्या आईवर पडत नाही.

त्या विदूषकाचे काम करणारा मुलगा चार दिवसांनी आम्हांस बाजारात भेटला. "काय रे, कसा आहेस?" आम्ही विचारले. क्षणभर तो थांबला आणि एकेक शब्द चाचपीत म्हणाला, "मी बरा आहे."