नवलाची वाटणी

मनुष्य हा जिज्ञासू प्राणी आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु तो जितका जिज्ञासू तितकाच बोलकाही आहे. एखादी नवी वस्तू दृष्टीस पडली की ती दुसऱ्यास दाखविल्यावाचून त्याला चैन पडत नाही. रानात सापडलेले चित्रविचित्र पीस मुठीत धरून मूल धावत घरी येते, ते लपवून ठेवण्यासाठी नव्हे. वारीहून परतलेला वारकरी, प्रथमच समुद्र पाहून आलेला देशावरचा शेतकरी, जत्रेतील गमती पाहून आलेला पोरगा हे सर्व पारावर बसून जे सांगतात, त्यात ऐकणाऱ्याइतकाच सांगणाऱ्यालाही आनंद असतो. एकट्याने पाहिलेले नवल अर्धेच राहते. दुसऱ्याचे डोळे विस्फारलेले दिसले म्हणजे ते पूर्ण होते.

पूर्वी ही वाटणी गावच्या पारापुरती असे. आता इंटरनेटमुळे तो पार पृथ्वीएवढा झाला आहे. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत १९९१ साली एक गमतीचा प्रकार घडला. तेथे अनेक संशोधकांत मिळून कॉफीचे एकच भांडे होते. दूरच्या खोलीतून कोणी जिने चढून उतरून तेथवर जावे, तर भांडे रिकामे! या हेलपाट्यांना कंटाळून काही जणांनी भांड्यासमोर कॅमेरा लावला आणि आपापल्या संगणकावर त्याचे चित्र दिसेल अशी व्यवस्था केली. १९९३ मध्ये हे चित्र इंटरनेटवर सर्वांसाठी खुले झाले. मग काय विचारता! ज्यांना त्या कॉफीचा एक घोटही मिळावयाचा नव्हता, असे देशोदेशींचे असंख्य लोक भांडे भरले की नाही हे पाहू लागले. २००१ साली तो कॅमेरा बंद झाला, तेव्हा अनेकांना हळहळ वाटली. त्या भांड्यात विशेष काहीच नव्हते. विशेष होता तो हजारो कोसांवरची एक क्षुल्लक वस्तू सर्वांनी मिळून पाहण्याचा आनंद.

असल्या गोष्टी पाहणे आणि त्या इतरांस दाखविणे हा रिकामटेकडा उद्योग आहे, असे काही वडीलधाऱ्यांचे मत असते. अभ्यास टाकून मूल रात्रंदिवस त्यातच गुंतून राहिले, तर त्यांचा राग रास्तच म्हणावा लागेल. परंतु गंमत आणि ज्ञान यांचे हाडवैर आहे, असे मात्र मानण्याचे कारण नाही. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये जे साप्ताहिक सुरू केले, त्याचे नावच त्यांनी ‘करमणूक’ असे ठेवले होते. रंजनाच्या वाटेने वाचकाला शहाणपणाकडे नेता येते, हे ते जाणून होते.

किरकोळ वाटणाऱ्या गमतीतून केवढे ज्ञान उपजते, याचे एक उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे. जानेवारी १९९२ मध्ये हाँगकाँगहून अमेरिकेस निघालेले एक मालवाहू जहाज पॅसिफिक महासागरात वादळात सापडले. त्यावरील काही मोठ्या पेट्या समुद्रात पडल्या. त्यांपैकी एका पेटीत लहान मुलांनी स्नानाच्या वेळी खेळावयाची २८ हजारांहून अधिक खेळणी होती. पिवळी बदके, निळी कासवे, हिरवे बेडूक आणि लाल रंगाचे बीव्हर. पेटी फुटली आणि ही सारी सेना लाटांवर स्वार होऊन निघाली. सुमारे दहा महिन्यांनी त्यांतील काही खेळणी अलास्काच्या किनाऱ्यावर येऊन लागली. किनाऱ्यावर फिरणाऱ्यांना प्रथम हसू आले असेल. परंतु कर्टिस एब्समेयर आणि जेम्स इनग्रॅहॅम या शास्त्रज्ञांनी त्या बदकांकडे निराळ्या दृष्टीने पाहिले. कोणते खेळणे, कोठे आणि कोणत्या दिवशी सापडले, याची माहिती त्यांनी किनाऱ्यावरील सामान्य लोकांकडून गोळा केली आणि तिच्या आधारे समुद्रप्रवाहांचा वेग व दिशा यांविषयीची आपली गणिते तपासून पाहिली. एरवी सागराचा अभ्यास करणारे लोक प्रवाहांचा माग काढण्यासाठी बाटल्या मुद्दाम सोडतात. येथे समुद्राने ते काम आपण होऊनच केले होते.

या कथेतील महत्त्वाची गोष्ट ही, की लोकांनी केवळ ‘एक बदक सापडले’ एवढेच कळविले असते, तर त्याचा उपयोग झाला नसता. स्थळ आणि दिवस यांची जोड मिळाली, म्हणून गमतीचे ज्ञान झाले. इंटरनेटवर फिरणाऱ्या नवलांना नेमकी हीच जोड बहुधा नसते. चित्र असते, पण ते कोठले याचा पत्ता नसतो; हकीकत असते, पण ती प्रथम कोणी सांगितली हे कोणासच ठाऊक नसते. विनापत्त्याचे पत्र जसे दारोदार हिंडते, तशी ती हकीकत या हातातून त्या हातात फिरत राहते.

मग खरे कोणते आणि खोटे कोणते, हे ओळखावे कसे? चमत्कारिक ते खोटे आणि संभाव्य ते खरे, असा सोपा नियम करून भागत नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियातून एका प्राण्याचे कातडे इंग्लंडमध्ये आले. अंगावर दाट केस आणि तोंडाला मात्र बदकाची चोच! ब्रिटिश म्युझियममधील जॉर्ज शॉ यांना, कोणी तरी दोन प्राणी जोडून आपली थट्टा मांडली असावी, अशी शंका आली. परंतु शंका आली म्हणून त्यांनी ते कातडे फेकून दिले नाही. तसेच नवल वाटले म्हणून डोळे मिटून त्यावर विश्वासही ठेवला नाही. त्यांनी ते बारकाईने तपासले आणि १७९९ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. तो प्राणी म्हणजे प्लॅटिपस. हा सस्तन प्राणी अंडी घालतो, ही त्याहूनही नवलाची गोष्ट पुढे १८८४ साली सिद्ध झाली.

याच्या उलट प्रकार इंटरनेटवर घडला. १९९८ साली एका विनोदी लेखकाने अमेरिकेतील जंगलात झाडांवर राहणाऱ्या आठ पायांच्या ऑक्टोपसची माहिती तेथे प्रसिद्ध केली. चित्रे दिली, सवयी वर्णिल्या आणि हा जीव नामशेष होत असल्याबद्दल दुःखही व्यक्त केले. सारेच काल्पनिक! काही वर्षांनी कनेक्टिकट विद्यापीठातील संशोधकांनी सातवीतील वाचनकुशल विद्यार्थ्यांना ती माहिती वाचावयास दिली, तेव्हा जवळजवळ सर्वांनी ती विश्वासार्ह ठरविली. ती मुले मंदबुद्धीची नव्हती. त्यांना वाचता उत्तम येत होते; वाचलेले पडताळून पाहण्याची सवय तेवढी नव्हती.

झाडावरच्या ऑक्टोपसने कोणाचे नुकसान झाले नाही. भारताच्या राष्ट्रगीताला युनेस्कोने जगातील सर्वोत्कृष्ट राष्ट्रगीत ठरविले, किंवा २०१६ साली निघालेल्या २००० रुपयांच्या नोटेत ठावठिकाणा कळविणारे यंत्र बसविले आहे, अशा खोट्या वार्ताही घरोघर फिरल्या आणि हसण्यावारी गेल्या. परंतु न तपासता पुढे पाठविण्याचा हात एकदा सैल पडला, म्हणजे तो गंमत आणि अफवा यांत भेद करीत नाही. २०१८ साली मुले पळविणाऱ्या टोळ्या आल्याच्या अफवा मोबाइलवरून सर्वत्र पसरल्या होत्या. त्या वर्षी १ जुलै रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने केवळ संशयावरून ठार मारले. भिक्षा मागून पोट भरणारी ती निरपराध माणसे होती. त्या अफवा पुढे पाठविणाऱ्यांपैकी बहुतेकांनी कोणावर हात उगारला नसेल. फक्त एक बोट हलविले असेल. तेवढ्याने ते निर्दोष ठरतात काय? त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पाठविण्यास मर्यादा घातली. यंत्राला मर्यादा घालता येते. मनाला मात्र ती ज्याची त्यानेच घालावी लागते.

सत्याइतकाच आणखी एका गोष्टीचा विचार व्हावयास हवा, आणि ती म्हणजे दया. सर्व गमती खऱ्या असल्या तरी त्या सांगण्याजोग्या असतातच असे नाही. काही वर्षांपूर्वी कॅनडातील एका शाळकरी मुलाने, चित्रपटातील योद्ध्याची नक्कल करीत असताना, स्वतःचे चलच्चित्र घेतले. ते त्याने कोणाला दाखविण्यासाठी घेतलेले नव्हते. सोबत्यांच्या हाती ते लागले आणि त्यांनी ते इंटरनेटवर टाकले. सारे जग हसले. पण त्या मुलाला शाळेत तोंड दाखविणे अशक्य झाले आणि शेवटी ती शाळा सोडावी लागली. त्या चित्रात खोटे काहीच नव्हते. उणीव होती ती एवढीच, की ज्याच्यावर हसावयाचे त्याला कोणी विचारले नाही. रबरी बदकाला कितीही हसले तरी त्याच्या डोळ्यांत पाणी येत नाही. वर्गातील तोतऱ्या मुलाच्या, पाय घसरून पडलेल्या आजीच्या किंवा घाबरलेल्या शिक्षकाच्या डोळ्यांत ते येते. माणसाबरोबर हसणे आणि माणसाला हसणे, या दोहोंत महदंतर आहे.

म्हणून नवल वाटण्याचे सोडून द्यावे काय? मुळीच नाही. ज्याला कशाचेच नवल वाटत नाही आणि जो आपले नवल कोणाला सांगत नाही, तो मनुष्य कितीही विद्वान असला तरी दरिद्रीच समजावा. मात्र घरात पाहुण्यांपुढे ताट ठेवण्यापूर्वी गृहिणी ज्याप्रमाणे तांदूळ निवडून घेते, त्याप्रमाणे नवलाची वाटणी करणाऱ्यानेही आपला जिन्नस निवडून घ्यावा. हे कोठून आले, हे खरे आहे काय आणि याने कोणाचे मन दुखावेल काय, हे तीन प्रश्न स्वतःला विचारण्यास क्षणभरच लागतो. उत्तर मिळाले नाही, तर वस्तू आपल्यापाशीच ठेवावी. खडे निवडण्यास थोडा वेळ लागतो खरा; परंतु त्यामुळे जेवणारा कधी उपाशी राहिला आहे, असे ऐकिवात नाही.