अडवावे किती, आणि मोडू नये कसे



मॉरिसव्हिल, केरी आणि रिसर्च ट्रँगलच्या परिसरातील आपल्या अनेक घरांतून जानेवारी ते एप्रिल हे महिने आता शालेय रोबो स्पर्धांचे झाले आहेत. आठवड्यातील चार संध्याकाळी मूल शाळेच्या कार्यशाळेत असते आणि मार्चमधील एखादा शनिवार-रविवार कुठल्याशा हायस्कूलच्या जिममध्ये, कानठळ्या बसविणाऱ्या संगीतात जातो. पालक प्रेक्षकांत बसतात आणि पाहतात, की मुलांनी सहा-सात आठवडे खपून उभारलेल्या यंत्रावर दुसऱ्या संघाचे यंत्र येऊन आदळत आहे आणि पंच स्वस्थ उभा आहे. कधी याहून अवघड दृश्य दिसते. आदळणाऱ्या यंत्राची सूत्रे आपल्याच मुलीच्या हाती असतात.

दुसऱ्याचे काम अडविणे हे मुलांना शिकवावे काय, असा प्रश्न मग घरी परतताना मोटारीत निघतो. आमचे उत्तर 'होय' असे आहे. मात्र हा अडवणुकीचा खेळ नियमपुस्तकावर उभा आहे आणि ते पुस्तक बहुतेक पालकांनी उघडलेले नसते, म्हणून आज या सदरात त्याविषयी लिहीत आहोत.

हायस्कूलच्या मुलांसाठी असलेली 'फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन' आम्ही येथे डोळ्यांपुढे ठेवली आहे. डीन केमन यांनी 1989 मध्ये 'फर्स्ट' ही संस्था स्थापन केली. एमआयटीचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांनी तिला वळण लावले. पहिली स्पर्धा 1992 मध्ये न्यू हॅम्पशायरमधील एका शाळेच्या जिममध्ये 28 संघांत झाली. आज मैदान सुमारे 54 फूट लांब व 27 फूट रुंद असते आणि त्यावर तीन संघांची लाल आघाडी तीन संघांच्या निळ्या आघाडीविरुद्ध खेळते. 2024 मध्ये रोबोची वजनमर्यादा 125 पौंड, म्हणजे सुमारे 57 किलो होती. 2025 मध्ये ती 115 पौंडांवर आली. बॅटरी आणि बंपर यांचे वजन त्यात धरलेले नाही. अशी सहा यंत्रे एकाच मैदानात वेगाने धावत असता ती एकमेकांना स्पर्शच करणार नाहीत, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. म्हणून स्पर्श कोठे व्हावा, हे नियमांनीच ठरवून दिले आहे. रोबोभोवती लाल वा निळ्या कापडाने मढविलेली मऊ पट्टी असते, तो बंपर. बंपरने बंपरला रेटणे, वाट अडविणे, ढकलत मागे नेणे, हे सारे रीतसर आहे. प्रेक्षकांत बसून आपण ज्याला दांडगाई म्हणतो, ती बहुधा एवढीच असते.

खरी मर्यादा बंपरच्या आत सुरू होते. मुद्दाम दुसऱ्याचे यंत्र मोडणे, उलथविणे किंवा त्यात अडकून बसणे वर्ज्य आहे, हे सांगावयास नको. परंतु त्यापुढचे कलम लक्षपूर्वक वाचण्याजोगे आहे. आपल्या रोबोचा हात प्रतिस्पर्ध्याच्या चौकटीच्या आत शिरला आणि त्या स्पर्शाने त्याचे काही मोडले, तर हेतू काय होता हे विचारातच घेतले जात नाही. 'आम्ही मुद्दाम केले नाही' हे उत्तर तेथे चालत नाही. विनयपिटकाचे वाचन असणाऱ्यांना ही रचना ओळखीची वाटेल. तेथेही बहुतेक आपत्तींत चेतना पाहिली जाते, पण मद्यपानाच्या नियमात 'मला ते मद्य वाटले नाही' म्हणून भिक्षू सुटत नाही. शिवाय तेथील प्रत्येक शिक्षापदामागे घडलेल्या प्रसंगाची कथा आहे. रोबोंचे नियमपुस्तक चाळतानाही, प्रत्येक विचित्र कलमामागे कोणा संघाने केलेला एखादा अचाट उद्योग असावा, असे वाटत राहते.

दुसरा नियम वेळेचा. प्रतिस्पर्ध्याला मैदानाच्या भिंतीशी दाबून त्याची हालचाल बंद केली, की पंच हाताने सेकंद मोजू लागतो. 2024 पर्यंत पाच सेकंदांची मुभा होती. 2025 मध्ये ती तीनवर आणली. त्यानंतर सोडून सहा फूट दूर व्हावयाचे. एक पाऊल मागे घेऊन पुन्हा दाबले तर मोजणी सुरूच राहते. तिसरा नियम जागेचा. 2024 च्या 'क्रेसेंडो' या खेळात फोमची नारिंगी कडी, म्हणजे 'नोट', घेण्याच्या कोपऱ्यात प्रतिस्पर्धी उभा असेल तर त्याला स्पर्श करावयाचा नाही. धडक कोणी सुरू केली हेही पाहिले जात नसे. सामान्यतः एक नोट स्पीकरमध्ये टाकली की 2 गुण मिळत, आणि आपल्या एका मोठ्या चुकीने समोरच्या आघाडीला 5 गुण मिळत. अडवणारा किती कौशल्याने खेळला हे या हिशेबात दिसते. त्याने चार फेऱ्या लांबविल्या आणि एक मोठी चूक केली, तर हाती फारसे काही उरत नाही.

हे वाचताना आपल्या पिढीला कबड्डी आठवल्यावाचून राहणार नाही. पकड करावयाची, पण केस वा कपडे धरावयाचे नाहीत. चढाईपटूला रोखावयाचे, पण मुद्दाम रेषेबाहेर ढकलून द्यावयाचे नाही. ज्या मातीत आपण वाढलो, तेथे पकड करणाऱ्याला कोणी दुष्ट म्हटले नाही. एक फरक मात्र आहे. कबड्डीत साखळी करून घेरणे हीच बचावाची शोभा. रोबोंच्या खेळात दोन यंत्रांनी संगनमताने मैदानाचा महत्त्वाचा भाग बंद करणे निषिद्ध आहे. तसेच, समोरच्याला नियम मोडणे भाग पडावे एवढ्यासाठीच रचलेला डावही चालत नाही.

स्पर्शच नको म्हणणाऱ्यांना 2015 चे उदाहरण सांगावेसे वाटते. त्या वर्षीच्या 'रीसायकल रश' खेळात दोन्ही आघाड्यांना मैदानाचे वेगवेगळे अर्धे दिले होते. कोणी कोणाला अडवूच शकत नव्हते. यंत्रे सुरक्षित राहिली, पण तो हंगाम पुष्कळांना नीरस वाटला आणि पुढच्याच वर्षी अडवणूक परत आली. ज्यांना आपले मूल अद्याप या धक्क्यांसाठी लहान वाटते, त्यांच्यासाठी 'फर्स्ट लेगो लीग' आहे, 'व्हेक्स आयक्यू' आहे. तेथे प्रतिस्पर्ध्याशी टक्कर हा प्रकारच नाही.

आता जो मुद्दा आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, त्याकडे येतो. उत्तर कॅरोलिनात 2016 पासून जिल्हा पद्धत आहे. प्रत्येक संघ साधारणतः दोन स्पर्धा खेळतो, प्रत्येकीत 12 सामने. त्यानंतर आठ आघाड्या निवडल्या जातात. पहिल्या फेरीत अव्वल संघ प्रथम निवड करतो. दुसऱ्या फेरीत क्रम उलटा होतो, त्यामुळे अव्वल आघाडीचा तिसरा जोडीदार सर्वांत शेवटी, चोविसावा निवडला जातो. हा चोविसावा संघ बहुधा गुण मिळविण्यात फार पुढे नसतो. त्याच्याकडे महागडी यंत्रसामग्री नसते, पाठीशी मोठी कंपनी नसते, मार्गदर्शक अभियंत्यांची फौज नसते. मजबूत चाके, नीट बांधलेला बंपर आणि नियम पाठ असलेली चालक मुलगी एवढे असेल, तर उत्तम बचावासाठी त्याची निवड होते आणि तो अंतिम फेरीपर्यंत जातो. अडवणूक काढून टाकली, तर साधनांनी दुबळ्या संघाचे हे दारही बंद होते. बचावाचे काम मुलाच्या वाट्याला आले म्हणून हिरमुसणाऱ्या पालकांना आम्ही हे मुद्दाम सांगत आहोत. ते काम उरलेसुरले नाही.

याची दुसरी बाजूही झाकून ठेवण्यात अर्थ नाही. धडकेत हात वाकला, तर श्रीमंत संघ पेटीतून दुसरा तयार हात काढतो. गरीब संघाचा दिवस तेथेच संपू शकतो. शेजारचे संघ सुटे भाग आणि हत्यारे उसनी देतात, ही या स्पर्धांची सुंदर रीत आहे. तथापि रीतीवर विसंबून चालत नाही. म्हणूनच हेतू न पाहणारे ते कलम आम्हांला योग्य वाटते. ज्याच्याकडे दुसरा हात नाही, त्याला समोरच्याचा हेतू चांगला होता हे कळून काय उपयोग? काही प्रशिक्षकांना हे कलम कठोर वाटते. आम्हांला ते पंचांनी अधिक काटेकोरपणे लावावे असे वाटते.

निर्णय पटला नाही तर काय करावे? पालकांनी कठड्यापाशी जाऊन ओरडू नये, एवढे तर खरेच. मोबाइलवर टिपलेले चित्रणही दाखवू नये, कारण मुख्य पंच चित्रफीत पाहत नाहीत. मैदानाच्या कडेला प्रश्नासाठी एक चौकोन आखलेला असतो. तेथे संघातील एकाच विद्यार्थ्याने उभे राहावयाचे. प्रशिक्षक नाही, वडील नाहीत. पंधरा वर्षांची मुलगी तेथे उभी राहते, सामना क्रमांक सांगते, कलमाचा क्रमांक सांगते, 'मोजणी कोठून सुरू झाली?' असे विचारते, उत्तर ऐकते आणि निर्णय विरुद्ध गेला तरी आभार मानून परतते. हंगामाच्या आधी, जानेवारीत नियमपुस्तक प्रसिद्ध होताच, घरी जेवणाच्या टेबलावर सामन्यांतील संपर्काची कलमे मोठ्याने वाचावीत. 'जी' या अक्षरानंतर चारशेच्या पुढील क्रमांकांत ती सापडतात. आई-वडिलांनी प्रतिपक्ष व्हावे, मुलीने कलम दाखवून उत्तर द्यावे.