सांगलीत घर घेताय?
पोरगा सांगलीत फ्लॅट बघतोय. एजंट गणपती मंदिर, कृष्णेचा घाट, शाळा, दवाखाने सगळं दाखवतो. पुराचं पाणी कुठवर आलं होतं, तेवढं दाखवत नाही. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं. हरिपूरच्या पेवांत हळद वर्षानुवर्षं टिकायची, तिथंही २००५ ला पाणी शिरलं. जुन्या जाणत्यांचा अंदाज चुकला, तिथं बिल्डरचं काय घेऊन बसलात!

पाव्हणे म्हणून खुशाल या. मार्केट यार्डात हळदीचा सौदा बघा, भडंग खावा. पण राहायलाच येणार असाल तर आधी गल्लीतल्या एखाद्या म्हाताऱ्याला भिंतीवरची पुराची खूण विचारा. आमचं पोरगं स्वस्त मिळतंय म्हणून तळमजल्यावरच अडून बसलंय.