नांव चुकलें कीं औषध चुकतें

यवतमाळ जिल्ह्याचा संसार कपाशीवर चालतो, हें नव्यानें सांगावयास नको. परंतु तो संसार पोखरणाऱ्या किडीचें खरें नांव आम्हांपैकीं किती जणांस ठाऊक आहे? "बोंडअळी" म्हणून आम्ही मोकळे होतों. वस्तुतः या एका नांवाखालीं ठिपक्यांची, हिरवी व गुलाबी असे निरनिराळे जीव वावरतात. उलटपक्षीं, कपाशीवरील हिरवी बोंडअळी हरभऱ्यावर गेली कीं घाटेअळी होते व तुरीवर गेली कीं शेंगा पोखरणारी अळी! तिलाच कोणी "अमेरिकन" म्हणतात. पण ती मूळची जुन्या जगांतील असून ब्राझील देशांत तिची नोंद २०१३ सालीं झाली.

एकाच गांवांतील दोन गणपतरावांच्या शेताचा तंटा ज्या वकिलानें चालविला असेल, त्यास हा घोंटाळा सहज उमगेल. तेथें गट नंबर लागतो. जीवशास्त्रांत तेंच काम द्विपद नांव करतें. स्वीडनच्या लिनीयसनें १७५३ सालीं वनस्पतींस व १७५८ सालीं प्राण्यांस ही पद्धति सरसकट लावली. पहिलें पद प्रजातीचें, दुसरें तींतील जातीचें. हिरवी ती हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा; गुलाबी ती पेक्टिनोफोरा गॉसिपिएला. या दुसरीचें पहिलें शास्त्रीय वर्णन १८४३ सालीं झालें, तें हिंदुस्थानांतील कपाशीवरील नमुन्यांवरूनच. पुढें संशोधनानें दोहींचें पहिलें पद बदललें. पण फेरफाराच्या नोंदीप्रमाणें जुनें नांव दप्तरांत कायम राहिलें.

हे पंडितांचे चोचले आहेत, असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. हिरव्या अळीच्या पतंगास भुलविणारी कामगंध सापळ्यांतील गोळी गुलाबीच्या पतंगास भुलवीत नाहीं. शिवाय गुलाबी अळी एकदां बोंडांत शिरली कीं वरची फवारणी तिला पोहोंचत नाहीं. २०१७ सालीं याच जिल्ह्यांत फवारणी करतांना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर प्राणांस मुकले. त्याचीं कारणें अनेक होतीं. तीं सारीं आम्ही नांवाच्या माथीं मारीत नाहीं. पण शत्रू न ओळखतां रिकामा केलेला प्रत्येक पंप हा पैशाचा व प्राणांचा जुगारच होय.

स्वभाषेचा अभिमान आम्हांस कोणाहून कमी नाहीं. म्हणूनच आमचें मागणें असें कीं, औषध कोणत्या किडीवर दिलें तें विक्रेत्यानें पावतीवर देवनागरींत लिहावें. आणि गांवोगांवच्या शाळांनीं मुलांकडून किडी ओळखवून घेऊन वऱ्हाडी, गोंडी व कोलामी नांवांशेजारीं शास्त्रीय नांवाची नोंद ठेवावी. घरचें नांव टाकावयाचें नाहीं. त्यास जगाचा पत्ता जोडावयाचा आहे. ज्ञान ही मूठभर पदवीधरांची मिरास नव्हे. ज्याच्या शेतांत अळी आहे, त्याचा तिच्या नांवावर पहिला हक्क आहे.